किती झालं आणि कोण राहिलं



आज सार्वजनिक आरोग्य व रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण येत्या काही महिन्यांत कुठल्या ना कुठल्या आढावा बैठकीत मागच्या रांगेत बसलेले असाल. पडद्यावर तालुकावार तक्ता असेल. काही रकाने हिरवे, काही पिवळे, दोन-तीन लाल. लाल रकान्याच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला उभं केलं जाईल आणि तो म्हणेल, "सर, मार्चएंडपर्यंत कव्हर करतो." कसं कव्हर करणार, हे त्याला कोणी विचारणार नाही. सगळ्यांचंच जेवण लांबलेलं असतं.

उद्दिष्ट कसं असावं हे तुम्हाला परीक्षेपुरतं पाठ आहे: नेमकं, मोजता येणारं, आवाक्यातलं, कामाशी संबंधित आणि मुदतीत बांधलेलं. माझं त्याच्याशी भांडण नाही. फक्त एवढंच लक्षात आणून देतो की १९७६ सालचं नसबंदीचं उद्दिष्ट या पाचही कसोट्यांवर उत्तीर्ण झालं असतं.

१९७६-७७ या वर्षासाठी देशात सुमारे ४३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया करायच्या ठरल्या होत्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीनुसार झाल्या ८१ लाखांहून जास्त. जवळजवळ दुप्पट! नुसता तक्ता पाहणाऱ्याने पेढे वाटले असते. आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर शाळामास्तर आणि महसुलातली माणसंही कामाला जुंपली होती; प्रत्येकाच्या वाट्याला 'केसेस' आल्या होत्या आणि केस आणली नाही तर पगारावर गदा होती. आपलं राज्य यात मागे नव्हतं. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

पुढे केंद्रातलं सरकार कोसळलं, ते सर्वांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते पुढच्या परिणामाबद्दल. त्या वर्षीच्या बहुतेक शस्त्रक्रिया पुरुषांच्या होत्या. त्यानंतर पुरुष त्या टेबलाकडे फारसे फिरकलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. नवऱ्याची झालेली जोडपी ०.३ टक्के. बिनटाक्याची, काही मिनिटांत उरकणारी पद्धत हाताशी असताना ही स्थिती. एका वर्षाचं उद्दिष्ट दुप्पट गाठलं आणि त्याचं ओझं दोन पिढ्यांच्या बायकांनी वाहिलं.

१९९६ च्या एप्रिलपासून केंद्राने कुटुंब नियोजनाची वरून लादलेली टार्गेटं रद्द केली. कागदावरून गेली, बैठकीतून गेली नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतल्या तेरा जणी दगावल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, सर्वाधिक शस्त्रक्रियांबद्दल, त्याच सर्जनचा राज्य सरकारने सत्कार केला होता. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितली. सत्काराच्या शाली मात्र अजून कुठे ना कुठे पांघरल्या जातात, निरनिराळ्या आकड्यांसाठी.

आता याच खात्याचं, याच गाड्यांचं आणि याच सिस्टरांचं दुसरं काम पाहा. पोलिओ.

पल्स पोलिओची पहिली फेरी डिसेंबर १९९५ ची. सुरुवातीला आपण बूथ लावायचो आणि संध्याकाळी किती डोस गेले ते मोजायचो. आकडे छान यायचे, पोलिओ मात्र हटत नव्हता, कारण बूथवर येणारं मूल बहुधा आधीच्या फेरीतही आलेलं असायचं. आई शिकलेली, घर जवळ, बाबा सुट्टीवर. ज्याला डोस हवा होता ते मूल वीटभट्टीवर, पालावर, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत झोपलेलं होतं. मग घरोघर फिरणं सुरू झालं आणि त्याबरोबर एक खडू आला.

तो खडू मला आपल्या खात्यातला सर्वांत हुशार शोध वाटतो. सिस्टर, आशाताई नाहीतर अंगणवाडी सेविका दारावर अक्षर लिहायची. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल, तर 'पी'. एखादं मूल मामाकडे गेलंय, आजारी आहे, घराला कुलूप आहे, आजोबांनी नकार दिलाय, तर 'एक्स'. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई. संध्याकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न डोसांचा नसायचा, "एक्स घरं किती?" असा असायचा. दुसऱ्या दिवशी टीम त्या घरांकडे परत जायची. कधी मशिदीतल्या मौलानांना, कधी गावच्या दाईला बरोबर घेऊन. फेरी कितीही मोठी असो, उरलेलं काम एका वहीच्या पानावर मावायचं आणि त्या पानावर घर नंबर असायचे, टक्के नव्हेत.

यात लबाडी नव्हती असं नाही. दार न वाजवता 'पी' लिहून पुढे जाणारे होते. त्यांच्यासाठी बाहेरचे निरीक्षक अचानक येऊन करंगळ्या पाहायचे. 'खोटा पी' हा शब्द आमच्या बोलण्यात त्यातूनच आला. पण गंमत बघा: 'एक्स' लिहिल्याबद्दल कोणाला मेमो मिळत नसे, खोट्या 'पी'बद्दल मिळत असे. अडचण सांगणं स्वस्त आणि लपवणं महाग. व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं वाचूनही हे एवढं सोपं गणित अनेक मोठ्या संस्थांना जमवता येत नाही.

त्याहून चतुर व्यवस्था लुळेपणाच्या रुग्णांची होती. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही असो, ते कळवायचं आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. पोलिओ नसला तरी इतर आजारांनी काही मुलं लुळी पडतातच, म्हणून दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक, पुढे भारतात दोन, असे पोलिओ नसलेले रुग्ण सापडलेच पाहिजेत असा निकष होता. ज्या जिल्ह्याने शून्य कळवलं, त्याचं अभिनंदन होत नसे. तिथे चौकशीला माणूस जाई.

जगातून २००० सालापर्यंत पोलिओ घालवायचा, असं १९८८ मध्ये ठरलं होतं. ती मुदत चुकली. २००२ मध्ये आपल्याकडे १,६०० रुग्ण निघाले, २००९ मध्ये ७४१. मुदत हुकली म्हणून कोणी उद्दिष्ट गुंडाळलं नाही, आणि आकडे झाकून वेळेत झाल्याचा देखावाही केला नाही. ७४१ हा आकडा जाहीर होता, म्हणूनच उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ तालुके वेगळे काढून तिथे बळ लावता आलं. नवी दुहेरी लस २०१० मध्ये आली. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याची एक चिमुकली. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभागाबरोबर भारतालाही पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. या मोहिमेच्या धावपळीत अनेक उपकेंद्रांवर नेहमीचं लसीकरण मागे पडलं, ही तक्रारही खरी आहे. एकाच गोष्टीवर सगळा उजेड टाकला की शेजारी अंधार होतोच.

पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या नावातच आत्मनियंत्रण हा दुसरा अर्धा भाग होता. मोजमाप आधी काम करणाऱ्याच्या हाती पडावं, त्याला स्वतःला सुधारता यावं, असा त्याचा रोख होता. कंपन्यांनी आणि सरकारांनी पहिला अर्धा उचलला. खडूचं अक्षर मला ड्रकरच्या त्या विसरलेल्या अर्ध्याच्या जवळचं वाटतं: ते आधी सिस्टरला उपयोगी पडे, मग साहेबांना.

तुमच्या वाट्याला पोलिओ नाही, टीबी येणार आहे. २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत दर लाख लोकसंख्येमागे नवे टीबी रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करायचं आपण ठरवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२४ पर्यंत घट झाली ती साधारण एक-पंचमांश. म्हणजे काम तुमच्यासाठी भरपूर शिल्लक आहे. टीबीमुक्त पंचायतीचे निकष एकदा बारकाईने वाचा. हजार लोकसंख्येमागे रुग्ण एक किंवा त्याहून कमी असावेत, एवढंच तिथे मागितलेलं नाही. हजारामागे किमान तीस संशयितांची तपासणी झालेली असली पाहिजे, अशीही अट आहे. शोधलंच नाही म्हणून सापडलं नाही, ही पळवाट बंद करायचा तो प्रयत्न आहे. अर्थात पळवाटा काढणारे हुशार असतात. ठणठणीत तीस माणसांची थुंकी डबीत भरून पाठवली तरी अट पूर्ण होते. तेव्हा ते तीस कोण होते, किती जणांना दोन आठवड्यांचा खोकला होता, किती जण खाणीतून किंवा मुंबईच्या खोलीतून परतलेले होते, हे पाहायला तुम्हालाच गावात जावं लागेल.

आणि एक दिवस असा येईल की तुमच्या तालुक्यात तुम्ही नीट शोध घेतल्यामुळे टीबीचे रुग्ण वाढलेले दिसतील. पडद्यावरचा रकाना लाल होईल आणि वरून विचारणा होईल, "तुमच्याकडे टीबी वाढला कसा?" त्या दिवशी उभं राहताना तपासण्यांचं रजिस्टर बरोबर न्या, आणि उत्तर देण्याआधी शेजारच्या हिरव्या तालुक्याने किती जणांची थुंकी तपासली, तो आकडाही पडद्यावर दाखवायची विनंती करा.