नाव ठेवण्यापूर्वी

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही अभ्यासिकेत शिकवणारे शिक्षक. आम्ही डॉक्टर नाही. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारी आम्ही चार-पाच माणसे. तेव्हा उपदेश करण्याआधी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी तिसरीतला एक मुलगा अभ्यासिकेत येत असे. हाक मारली तरी बघायचा नाही, सांगितलेले अर्धेच करायचा, शेजारच्याची वही ओढायचा, सारखा उठून फिरायचा. शाळेतूनही हीच तक्रार होती. त्या सुमारास ‘एडीएचडी’ हा शब्द आमच्या कानावर नुकताच आला होता. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही ज्याची लक्षणे, तो हा विकार. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने त्याच्या आईला सांगितले, “ताई, तुमच्या मुलाला हाच आजार आहे.” आणि इतर मुलांना त्रास नको म्हणून त्याला मागच्या भिंतीजवळ बसवले. चार घरची धुणीभांडी करणारी ती माउली. तिने आमच्यावर विश्वास ठेवला.

वर्षभराने मुलाचा कान वाहू लागला म्हणून तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तेथे कळले, की त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. ज्याला ऐकू येत नव्हते, त्यालाच आम्ही सर्वांत मागे बसवले होते! शेजाऱ्याची वही तो खोडी म्हणून ओढत नव्हता. आम्ही काय लिहायला सांगितले, ते तो तिच्यात पाहत होता. उपचार झाले, तो पुढच्या ओळीत बसू लागला आणि अभ्यासालाही लागला. पण त्याचे वाया गेलेले वर्ष आम्हाला परत देता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती मिळवू लागलो.

बंधू-भगिनींनो, अशी चूक केवळ आमच्यासारख्यांच्याच हातून होते असे नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे ९ लाख ४० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या व तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथे एका कॅलेंडर वर्षात जन्मलेली मुले एकाच वर्गात बसतात. म्हणजे जानेवारीतले मूल वर्गात सर्वांत मोठे आणि डिसेंबरातले सर्वांत लहान. अभ्यासात असे दिसले, की जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये या विकाराचे निदान ३० टक्के अधिक, तर मुलींमध्ये ७० टक्के अधिक झाले होते. आता जन्माच्या महिन्यामुळे का कोणाला आजार होतो? वर्गातल्या सर्वांत लहान मुलाचे पोरपण मोठ्यांच्या शेजारी ठेवून पाहिले गेले आणि ते आजारासारखे दिसले, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडेही शाळेत लवकर घालण्याची घाई पुष्कळ. तेव्हा मुलाची तुलना करायचीच, तर ती त्याच्या वयाशी करावी.

हा विकार रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत दिसत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत त्याच्या अटी दिल्या आहेत. ठरावीक लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे असावीत. ती निदान सहा महिने टिकलेली असावीत. काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावीत. ती घर आणि शाळा अशा दोन वा अधिक ठिकाणी दिसावीत. त्यांनी मुलाच्या व्यवहारात अडथळा यावा. आणि दुसऱ्या आजाराने त्यांचा उलगडा होत नसावा. तेव्हा दहा मिनिटांत, शाळेला काही न विचारता ठरवण्याची ही गोष्ट नव्हे.

यातली शेवटची अट आपल्या वस्त्यांसाठी फार मोलाची आहे. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. दुखत नाही, पण ऐकू कमी येते. फळा दिसत नसेल तर मूल इकडेतिकडे पाहणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९ ते २०२१ या काळात देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या १०० पैकी ६७ बालकांच्या अंगात रक्त कमी आढळले; असे मूल मरगळते, त्याचे लक्ष लागत नाही. टॉन्सिल वा नाकामागची गाठ वाढून रात्रभर घोरणारे, किंवा एकाच खोलीत टीव्ही चालू असल्याने उशिरा झोपणारे मूल दिवसा पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट चिडचिडे व चळवळे होते. फिटचा एक प्रकार असा, की मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघते आणि पुन्हा बोलू लागते. आपण म्हणतो, ध्यान नाही. ईईजी काढल्यावर ते ओळखू येते आणि त्यावर औषध आहे. घरी रोज दारूपायी मारझोड होत असेल, तर त्या लेकराचे चित्त पाढ्यांत कसे लागावे? आणि घरात एक भाषा, शाळेत दुसरीच, मग सूचना न कळलेले मूल हट्टी ठरते.

मात्र आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. हा विकार खरा आहे. तो आईबापांच्या लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. योग्य निदान झालेल्या मुलाला मेथिलफेनिडेटसारख्या औषधाचा चांगला उपयोग होतो. ते डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, तसेच शेजाऱ्यांचे ऐकून बंदही करू नये. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१९ सालचा सल्ला असा, की प्रथम पालकांनाच मुलाला हाताळण्याचे शिक्षण द्यावे. दुसरी चूकही लक्षात घ्यावी. गडबड करणारा मुलगा सर्वांना दिसतो. पण खिडकीशी गप्प बसून सारे विसरणारी मुलगी ‘गुणी पण मंद’ म्हणून वर्षानुवर्षे निदानावाचून राहते.

मग आपण काय करावे? शाळेतून तक्रार आली की मुलाला मारू नका. आधी कान, डोळे आणि रक्त तपासून घ्या. झोप किती होते, घोरतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना वर्गशिक्षकांचे चार ओळींचे निरीक्षण व मुलाची जन्मतारीख बरोबर न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात. ऐकणे, दिसणे, रक्तक्षय, शिकण्यातील अडचणी आणि हा विकारही त्यांच्या यादीत आहे. गरजू मुलांना पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आणि आम्हा शिक्षकांसाठी एक नियम आम्हीच केला आहे. आजाराचे नाव आम्ही उच्चारणार नाही. जे दिसले तेवढेच पालकांना सांगू, आणि असे मूल पहिल्या ओळीत बसवू. आमच्यापैकी कोणी हा नियम मोडताना दिसला, तर माता-भगिनींनी आम्हाला तेथल्या तेथे टोकावे, एवढी विनंती करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.