मारेगावचे दूध आणि सभासदांची संस्था



दुधाच्या संस्थेवर बोलायचे म्हणजे वक्ता लगेच कोल्हापूरला पोहोचतो. १९६३ साली उभा राहिलेला तेथील जिल्हा संघ खरोखरच मोठा. पण त्याचे गोडवे गाऊन मारेगावच्या गोठ्यात वैरणीची एक पेंढी पडायची नाही. म्हणून आम्ही वैरणीपासूनच आरंभ करतो.

आपला मुलूख कपाशीचा. ज्वारी होती तोवर कडबा होता. तिची जागा कपाशी-सोयाबीनने घेतली, आणि पऱ्हाटी काही गाय खात नाही. उरले तुरीचे, हरभऱ्याचे कुटार. ढेप विकत आणायची. मौज अशी, की सरकी आपल्या शेतातली आणि ढेप मात्र दुकानदाराच्या भावाने! २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३७५० कोटींची योजना जाहीर केली. यवतमाळ त्यांत होताच. त्या सुमारास निम्म्या किमतीत संकरित गायी वाटल्या गेल्या. गाय दारात आली; हिरवा चारा, पाणी, गुरांचा डॉक्टर आणि रोज दूध घेणारे गिऱ्हाईक हे तिच्या मागोमाग आले नाही. पुष्कळांनी त्या विकून टाकल्या. दोष गायीचा नव्हता. ‘तुम्हाला हे पेलवेल काय?’ असे घेणाऱ्याला कोणी विचारलेच नव्हते.

खेडा जिल्ह्यात क्रम उलटा होता. मुंबईला दूध पुरवण्याची मक्तेदारी पोल्सन कंपनीकडे, आणि भाव तिच्या मर्जीचा. १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी शेतकऱ्यांची सभा भरली, आणि पुढे पंधरा दिवस त्यांनी दूध घातलेच नाही. पंधरा दिवस बुडीत गेलेल्या पैशाचा विचार करा, म्हणजे त्या निश्चयाची किंमत कळेल. डिसेंबरात संघाची नोंदणी झाली, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. कुरियनसाहेब आणंदला आले ते १९४९ साली, आणि पुढे संघाच्या नोकरीत शिरले. मालक आधी एकत्र बसले, तज्ज्ञ मागाहून नेमला. आपल्याकडे आधी इमारत बांधतात, मग यंत्र आणतात, मग सभासद शोधतात!

आमच्या घरचे दूध आम्ही पूर्वी एका केंद्रावर घालत असू. नाव घेत नाही. फॅट आतल्या खोलीत मोजली जाई आणि आकडा बाहेर सांगितला जाई. तो खोटाच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण आमचा विश्वास उडाला आणि निम्मे गाव पुन्हा गवळ्याकडे गेले. तपासणी सर्वांसमोर व्हावी, हिशेब फळ्यावर लिहावा आणि वर्षअखेरचा बोनस भागांच्या संख्येवर न देता घातलेल्या दुधाच्या प्रमाणात द्यावा. एवढ्याने लबाडी संपत नाही, पण ती दिसते तरी.

मारेगावच्या बाजूला कोणी आरंभ करणार असेल, तर आमचे मत असे: एका टेंपोच्या फेरीत येतील एवढीच गावे घ्यावीत. इमारत नको. दुधाबरोबर ढेपेचीही खरेदी संस्थेने एकत्र करावी, आणि बांधावर गवत लावणाराला पहिले कर्ज द्यावे.

आणखी एक. धार काढते, शेण उचलते ती बाई. आणि भाग नवऱ्याच्या नावावर. सभेला येतो तोही तोच. त्याला गाय आज किती ढेप खाते ते ठाऊक नसते. तेव्हा भाग तिच्या नावे असावा, पैसे तिच्या खात्यात पडावेत, आणि पहिल्या सभेची नोटीस तिच्याच नावाने निघावी. वेळही सायंकाळच्या धारेची नसावी.