वाटेचा नकाशा आणि वाटाड्याची साक्ष



आदिलाबादकडच्या तामसीत भरलेल्या या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने नकाशांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. प्रवासासाठी आणि शोधासाठी केलेले जुने नकाशे हा भूगोलवाल्यांचा किंवा फार तर इतिहाससंशोधकांचा विषय मानला जातो. पण माझे म्हणणे असे, की प्रवासाचा प्रत्येक नकाशा आधी कोणाच्या तरी तोंडी असतो. वाट चाललेला माणूस ती सांगतो, दुसरा ऐकतो, तिसरा लिहितो आणि मग कोणीतरी ती रेखाटतो. रेखाटणाऱ्याचे नाव कागदाच्या कोपऱ्यात उरते, सांगणाऱ्याचे बहुधा पुसले जाते. नकाशा म्हणजे साक्षीचा कागद आहे, आणि साक्ष नोंदवणे, ती पारखणे, साक्षीदाराचे नाव राखणे हे साहित्याचे काम आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या सीमाभागातल्या आपल्यासारख्यांनी तर हे काम अंगावर घेतलेच पाहिजे, हा माझा आजचा मुद्दा आहे. तो पुराव्यानिशी मांडतो.

इंग्रजी अमदानीतल्या सर्वांत प्रसिद्ध नकाशापासून सुरुवात करू. जेम्स रेनेल १७६७ साली बंगालचा सर्व्हेयर जनरल झाला आणि १७८२ साली त्याने हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाभोवती एक चित्र आहे. त्यात ब्रिटनची देवता उभी आहे आणि ब्राह्मण पंडित नम्रपणे आपली शास्त्रे तिच्या हाती देत आहेत. त्यातली राज्यकर्त्याची ऐट उघडच आहे. पण या चित्रात नकळत एक कबुलीही आली आहे. ज्ञान देणारे हात इथल्या माणसांचे आहेत. रेनेलने नकाशासोबत जे टिपण छापले, त्यात ही कबुली जास्त स्पष्ट होते. सारा देश मोजणे त्याला शक्यच नव्हते. त्याने फौजांच्या कूचांच्या रोजनिश्या, दूतांनी आणलेल्या मजलींच्या याद्या आणि प्रवाशांचे वृत्तांत जमवले. निरनिराळ्या प्रांतांतला कोस वेगवेगळा पडतो म्हणून त्याचा हिशेब घातला आणि वाटेच्या वळणांसाठी अंतरातून वजावट केली. गुजरातच्या भागासाठी त्याने सदानंद नावाच्या ब्राह्मणाने काढलेला नकाशा वापरला आणि त्याच्या बुद्धीची मनापासून तारीफ केली. हा नकाशा त्याला चार्ल्स मॅलेटने मिळवून दिला होता. हाच मॅलेट पुढे पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील झाला. सदानंदाचे नाव टिकले ते रेनेल प्रामाणिक होता म्हणून. असे किती सदानंद बेनाम राहिले असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

हे फक्त आपल्याच देशात घडले असे नाही. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला, तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याच्या भरवशावर. जेम्स कुक १७६९ साली ताहितीहून तुपाइया नावाच्या जाणत्याला गलबतावर घेऊन निघाला. तुपाइयाने पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांची माहिती सांगितली आणि तिच्यावरून तयार झालेल्या तक्त्याची प्रत आजही लंडनला जपलेली आहे. ज्याला शोध म्हणतात, त्याच्या आरंभी बहुतेक ठिकाणी आधीच वाट माहीत असलेला एक माणूस उभा असतो.

आपल्या या टापूचाच दाखला घ्या. विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणीदाराच्या कामाशी जोडलेला हेन्री व्हॉयसी नावाचा शल्यवैद्य दगडमातीचाही जाणकार होता. गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रम गावी पोलाद कसे करतात, याचे त्याने लिहिलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापून आले. लोखंड निर्मळच्या बाजूचे, भट्ट्या कोनासमुद्रमच्या, आणि माल घ्यायला आलेला व्यापारी थेट इराणातल्या इस्फहानचा. मोजणीदाराची साखळी या मुलखात पडण्याच्या कितीतरी आधीपासून इस्फहानच्या सौदागराला ही वाट ठाऊक होती. ती कोणत्या बंदरावरून येते, कोणत्या घाटाने चढते, जकात कुठे द्यावी लागते आणि बैल कुठे बदलावे लागतात, हे सारे त्याच्या आणि त्याच्या वाटाड्यांच्या डोक्यात होते. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांबद्दलही हेच म्हणता येईल. मोठमोठ्या फौजांची रसद ज्यांच्यावर अवलंबून असे, त्यांच्याजवळ कागद नव्हता. पाणवठ्यांची आणि गवताची अचूक आठवण होती.

मराठीने हे ज्ञान नुसते डोक्यात ठेवले असेही नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ घ्या. श्रीचक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या स्थानांची ही जंत्री चौदाव्या शतकातली. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे तोंड करून, त्याच्या कोणत्या अंगाला मठ, अशी ती स्थान सांगत जाते. स्थानाला नमस्कार करायला निघालेल्या परक्या साधकाला विचारपूस न करता नेमक्या जागी पोचता यावे, ही तिची कसोटी. रेषा एकही नाही, तरी काम नकाशाचे. पैनगंगेच्या वळणातले माहूर ज्या पंथाला पवित्र, त्या पंथाने मराठी गद्याला आकार देताना दिशा आणि स्थळ अचूक सांगण्याचा वळणही घालून दिले, याची दखल आपल्या वाङ्मयेतिहासात फारशी घेतली जात नाही. पुढे पेशवाईत मोडीत लिहिलेले नकाशे निघाले. नदीचे पात्र ठसठशीत, किल्ल्याची चित्रे उभी काढलेली, गावांच्या मध्ये कोसांचे आकडे. तंजावरला सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले. त्यात भविष्य सांगत फिरणारी कोरवंजी जगाचा भूगोल सांगते. एका भटक्या बाईच्या तोंडी राजाने खंडे आणि देश घालावेत, ही कल्पनाच किती बोलकी आहे! त्याच सरफोजींच्या काळात, १८०८ साली, तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना लॅम्बटनचा कोन मोजण्याचा अजस्र थिओडोलाइट आदळून मोडला आणि त्याने तो काही आठवड्यांत स्वतः दुरुस्त केला. भूगोल सांगण्याच्या दोन रीती एकाच शहरात, एकाच काळात नांदत होत्या.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्याला प्रमाण नाही, उत्तर दिशा ठरलेली नाही, ज्यातले अंतर कोणाच्या चालीवर अवलंबून, त्याला नकाशा म्हणायचे कसे? विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि कन्याकुमारीकडून उत्तरेला त्रिकोणांची माळ गुंफत आणली. १८१८ साली या कामाला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला हा वृद्ध मोजणीदार जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि त्याची समाधी तिथेच आहे. आजचा हैदराबाद-नागपूर महामार्ग आदिलाबादवरून त्याच हिंगणघाटला जातो. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात १८२० च्या सुमारास तापाने आडवा झाला, माणसे गमावली, तरी पुढे त्याने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. या कामाचा मोठेपणा मी तसूभरही कमी करणार नाही. मोजलेल्या नकाशात चूक सापडते, परका माणूस ती दुरुस्त करू शकतो, एकमेकांना कधी न पाहिलेली दोन गावे एका कागदावर खरी जागा घेतात. तोंडी ज्ञानाला हे जमत नाही. त्याचा परीघ संपला की ते संपते, आणि सांगणारा गेला की तेही जाते.

पण आक्षेपाचे दुसरे टोकही पाहावे लागते. त्रिकोणांच्या माळेने देशाचा सांगाडा दिला. वाटा, गावे, उतार, नावे हे सारे तपशील भरताना मोजणीदाराला स्थानिक माणसालाच विचारावे लागले. कुठली टेकडी उंच, तिच्यावर कसे चढायचे, निशाण कुठून दिसेल, हेसुद्धा त्यालाच विचारून. प्रमाणबद्ध नकाशा दोन गावांतले अंतर सांगेल. भादव्यात नदीला उतार मिळेल की नाही, बैलगाडी घाटात अडेल की नाही, हे सांगणार नाही. प्रवाशाला दोन्ही हवे असते. तेव्हा प्रश्न कोण खरा नकाशा आणि कोण खोटा, असा नाही. कोणत्या गोष्टीतली अचूकता आपण मोजतो, असा आहे.

दुसरा आक्षेप थोड्या वेगळ्या बाजूने येतो. ही सगळी मोजणी राज्य काबीज करण्यासाठी आणि सारा वसूल करण्यासाठी झाली. तिचे गोडवे कशाला? हे कारण खरे आहे. पण मराठ्यांचे हरकारे आणि जासूद काही पुण्य जोडायला वाटा टिपत नव्हते. सत्तेशिवाय नकाशा क्वचितच निघतो. म्हणून नकाशा टाकून देणे हा उपाय नाही. त्याला उलटतपासणीला उभे करणे हा उपाय आहे. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याने ती कशी करावी हे शिकवले आहे. निजामाच्या काळात या डोंगरांत राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. त्या रेषा मोजणीच्या दृष्टीने ठाकठीक असतीलही. पण त्यांच्या आत आलेल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांना, त्यांच्या शेतांना, त्या रेषांनी अतिक्रमण ठरवले. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा नेता कोमराम भीम मारला गेला तो याच भांडणात. आणि त्यानंतर निजाम सरकारने हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची स्थिती अभ्यासायला बोलावले. म्हणजे आधी रेषा, मग रक्त, आणि सर्वांत शेवटी विचारपूस. ही रेषा मापात चुकली नव्हती, साक्षीत चुकली होती. माझा मुद्दा याहून ठळकपणे दाखवणारा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

याच मुलखात साक्षीचा नकाशा अजून जिवंत आहे. दरवर्षी पुष्य महिन्यात इंदरवेल्लीजवळच्या केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेआधी मेसराम कुळातली माणसे अनवाणी चालत गोदावरीकाठच्या हस्तिनमडुगूला जातात आणि तिथले पाणी झारीत भरून, ठरलेल्या मुक्कामांनी परत येतात. कुठून जायचे, कुठे थांबायचे, कोणत्या झाडाखाली विसावायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. या वाटेचा कागद सापडला नाही तरी वाट चुकत नाही. पण चालणारी पिढी शहरांत पांगली आणि कोणी लिहून ठेवले नाही, तर मात्र ती चुकेल.

तिसरा आक्षेप आजचा आहे: मोबाइलवर सारा नकाशा असताना ही उठाठेव कशासाठी? मोबाइल तुम्हाला आत्ता उघड्या असलेल्या रस्त्याने नेईल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले आणि या भागात पैनगंगा राज्यांची हद्द राहिली, तेव्हा कोणत्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या वाटा ओस पडल्या, हे त्यात नाही. राजकीय नकाशावर नदी एक रेषा असते. वाटेच्या नकाशावर ती उतारांची, नावांची आणि नातेसंबंधांची मालिका असते. लेक पलीकडे दिली, जमीन अलीकडे राहिली, अशा शेकडो घरांचा इतिहास या दुसऱ्या नकाशातच वाचता येतो. सीमाभागाचे साहित्य अनेकदा केवळ तक्रारीचे साहित्य होते. त्याला तपशिलाचा पाया मिळायचा असेल, तर तो इथून मिळेल.

तेव्हा या संमेलनाकडून माझे मागणे थोडे आहे, पण नेमके आहे. तामसी, भीमपूर, आदिलाबाद आणि पलीकडच्या यवतमाळ, किनवटच्या गावांतील शिक्षकांनी आणि लेखकांनी आपापल्या गावातून निघणाऱ्या जुन्या वाटा लिहून काढाव्यात: बाजाराच्या, जत्रेच्या, दिंडीच्या, तांड्यांच्या. नदीचा उतार कोठे होता, नाव कोण चालवी, मुक्काम कोठे पडे, हे लिहावे. मराठी माणसाकडून मराठीत, गोंडाकडून गोंडीत, तेलुगू शेजाऱ्याकडून तेलुगूत टिपावे आणि प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य घालावे. त्यानंतर या वाटा मोजलेल्या नकाशावर बसवाव्यात, म्हणजे चूक दिसेल आणि दुरुस्तही करता येईल. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत राहू द्या. रेनेलला एका सदानंदाचे नाव लिहावेसे वाटले. आपल्याला आपल्या सगळ्या सदानंदांची नावे लिहिता येतील. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर जो कोणी अध्यक्ष म्हणून उभा राहील, त्याच्या हाती अशा निदान दहा गावांच्या नोंदी ठेवा. एवढेच मागून माझे भाषण संपवतो.