उसाचा हिशेब आणि संगणक



शाळा अर्धवट सोडलेले आम्ही पन्नाशीनंतर पायथॉन शिकू लागलो, ते ऊसतोडीच्या हिशेबासाठी. टन गुणिले दर, वजा उचल. कोयत्याच्या अंगावर बाकी किती? दर आम्ही पाच ठिकाणी लिहिला होता. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. चार ठिकाणी बदलला, पाचवे राहिले. एका जोडप्याची बाकी फुगली. मुकादमाशी भांडायला निघालेले आम्हीच खोटे ठरलो!

मग छोटी फंक्शने रचली. एक मजुरी काढते, दुसरे उचल वळती करते. दर दोघांनाही बाहेरून द्यावा लागतो. रक्कम छापणाऱ्या तिसऱ्याने मात्र पिडले. पायथॉनची तयार सोय लाखाला 100,000 छापते. आपल्या माणसाला 1,00,000 हवे. शेवटचे तीन अंक तोडून उरलेल्यांच्या जोड्या पाडल्या. आठवडा गेला, पण भाषा तेथेच कळली. केंब्रिजच्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचे 1951 चे पुस्तकही अशाच जपून ठेवलेल्या तुकड्यांच्या संग्रहावर उभे आहे.

सुधारलेला कागद त्या जोडप्याकडे नेला. बाईने बोटांवर पुन्हा मोजून पाहिले, मगच तो घेतला.