पाळीवरून दिसणारा तलाव

हिवाळ्यातल्या सकाळी पक्षी पाहायचे तर ताडोब्याच्या गेटवर ताटकळायची गरज नाही. तिथे गाडीतून खाली उतरता येत नाही, आणि पक्षी पाहणे हे मुळात पायी करायचे काम आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यात धान कापून झाल्यावर गावतलावाची पाळ ही त्यासाठी उत्तम वाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला रिकाम्या बांध्यांत उगवलेली लाखोळी. भंडारा-गोंदिया धरून पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीपासून ते बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची, काठाची रोजची देखरेख करणारा कोणी उरला नाही.

या पाळीवरून दिसणारे पक्षी तलावाची तब्येत सांगतात, आणि तलाव खोल करताना नेमकी तीच साक्ष काढली जात नाही, असे माझे म्हणणे आहे. तलवार बदक किंवा चक्रांग सहसा बुडी मारून खात नाहीत. शेपूट वर करून मान पाण्यात घालतात, चोच जेमतेम हातभर खाली पोचते. तुतवार आणि पाणलावा यांना तर घोटाभर पाणी आणि चिखल हवा. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो, अंडीही तिथेच घालतो. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांना विसाव्यासाठी मोकळा, उतरता काठ लागतो. याउलट लालसरी आणि शेंडी बदक खोल पाण्यात बुड्या मारून पोट भरतात. म्हणून एखाद्या तलावावर वर्षानुवर्षे येणारी तलवार बदके बंद झाली आणि नुसत्या लालसऱ्या व पाणकावळे उरले, तर पाणी भरपूर असूनही काठ गेला असा संशय घ्यायला जागा आहे. जुना तलाव कलत्या परातीसारखा असतो: पाळीजवळ खोल, वरच्या अंगाला हळूहळू उथळ. पोकलेनने चारही बाजू सरळ कापल्या की हा उतारच नाहीसा होतो.

यावर शेतकरी म्हणेल, गाळ काढायचाच नाही का? जरूर काढावा. गाळाने भरलेला तलाव धानाला शेवटचे पाणी देऊ शकत नाही आणि तो गाळ शेतात पडला तर जमीन सुधारते. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागचा विचार चुकीचा नाही. पण गाळ पाळीच्या बाजूने काढता येतो आणि वरचा उथळ भाग राखता येतो. पाणी साठण्याची खरी जागा पाळीजवळच असल्याने सिंचनाचे त्यात फारसे नुकसानही नाही. ढिवर समाजाचा मासेमारीचा प्रश्न पक्ष्यांच्या विरोधात उभा केला जातो, तेही मला पटत नाही. गोंदिया जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामात ढिवर स्त्रियांनीच तलावांतले बेशरम नावाचे तण उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, कारण देशी मासे अंडी घालतात ते त्या वनस्पतींच्या आडोशाला. बदकांचे खाणेही तिथेच. लाखोळीचे कोंब पट्टकादंब खातात ही तक्रार मात्र खरी असू शकते. तिचे उत्तर नुकसानभरपाईत शोधावे, हुसकावण्यात नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप वाघाचा आहे. ब्रह्मपुरी-सिंदेवाही भागात माणसे दगावली आहेत, तिथे पहाटे फिरा असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. तेव्हा उजाडू द्यावे, धुके विरू द्यावे (दाट धुक्यात पक्षी तरी कुठे दिसतात?), चार-पाच जणांनी मिळून शेताकडच्या उघड्या पाळीवरूनच जावे आणि जंगलाला लागून असलेला काठ दुर्बिणीने पाहावा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते; १९८७ पासून ती चालू आहे. तिच्यासाठी आपला गावतलाव निवडणाऱ्यांनी पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी वरच्या काठाला पाणी किती, बेशरम कुठवर पसरली, गाळ कोणत्या बाजूने काढला, हेही लिहून ठेवावे. उन्हाळ्यात पोकलेन कुठे लावायचे हे ठरताना ग्रामसभेपुढे ठेवायला तो कागद हाताशी असेल.