झटके येणारे लेकरू आणि आपण सर्व

(चाकूर येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व पालक यांच्या मेळाव्यात एका पालकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवणारा एक मास्तर आणि अपस्माराने ग्रासलेल्या एका मुलीचा बाप, या दोनच नात्यांनी मी आपल्यापुढे उभा आहे. संयोजकांनी मला ‘पालकांचे धैर्य’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. परंतु धैर्याची स्तुती ऐकून आमच्या घरातील कोणाचेही झटके थांबलेले नाहीत. म्हणून मी धैर्याविषयी थोडे आणि व्यवस्थेविषयी अधिक बोलणार आहे.

आमची मुलगी सहा महिन्यांची असताना झोपेतून उठली की एकदम मान खाली टाकी, दोन्ही हात पुढे फेकी. क्षणभराने पुन्हा तेच. असे ओळीने दहा-पंधरा वेळा होई, मग ती रडे व थकून झोपी जाई. एका दवाखान्यात ‘पोटात कळ येत असेल’ असे सांगून पोटाचे औषध दिले गेले. घरातील वडीलधाऱ्यांनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. शेजाऱ्यांनी ‘हे बाहेरचं आहे’ म्हणून एका ठिकाणाचा पत्ता दिला. यापैकी कोणाच्याही मनात आमचे वाईट नव्हते. पण या साऱ्यात दोन महिने गेले आणि ओळखून हसू लागलेले लेकरू हसेनासे झाले. ते प्रथम माझ्या पत्नीच्या ध्यानात आले. तिनेच मोबाइलवर त्या हालचालींचे चित्रण केले. ते पाहताच पुढच्या डॉक्टरांनी सांगितले, हे पोटाचे दुखणे नव्हे. हे मेंदूचे झटके आहेत. मेंदूच्या विद्युत आलेखाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या आजाराला ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. तो बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच सुरू होतो. विल्यम वेस्ट हा इंग्लंडमधील एक डॉक्टर. त्याच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाला असेच झटके येत. आपले सर्व उपाय थकल्यावर १८४१ साली त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले, मुलाची लक्षणे मांडली आणि कोणाला काही ठाऊक असल्यास कळवा, अशी विनंती केली. त्या बापाजवळ ज्ञान नव्हते, कारण ते जगातच कोणाजवळ नव्हते. आज स्टेरॉइड जातीची स्वस्त औषधे आहेत, व्हिगाबॅट्रिन आहे, आणि उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी मुलाच्या वाढीची आशा अधिक, हेही ठाऊक आहे. तरीही ते ज्ञान माझ्या दारापर्यंत पोचण्यास दोन महिने लागले. आपल्या प्रश्नाचे मूळ मला या दोन महिन्यांत दिसते.

मूळ आणखी मागेही जाते. आपल्या देशात तान्ह्या बाळांच्या या आजाराची मोठी कारणे कोणती? जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू न मिळणे आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत त्याच्या रक्तातील साखर घसरणे. पहिल्यासाठी बाळंतपणाच्या वेळी जाणते हात हवेत. दुसऱ्यासाठी वेळेवर अंगावरचे दूध आणि एक साधी तपासणी पुष्कळदा पुरते. थोड्या मोठ्या मुलांत झटक्यांचे एक कारण म्हणजे डुकरातील पट्टकृमीची अंडी. ती मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा भाजीतून पोटात जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत घर करतात. मांसाला न शिवणाऱ्या घरातील मुलालाही हे होऊ शकते. म्हणजे गावची मोरी, गावचे पाणी आणि गावचे बाळंतपण यांचा हा हिशेब आहे. तो आपण त्या माउलीच्या पूर्वजन्मीच्या पापाच्या खाती मांडतो, हा अन्याय आहे.

आता घरात काय घडते ते सांगतो. गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. एक चुकली तर रात्र जागून काढायची. माझ्या पत्नीने नोकरी सोडली ती कायमची. लग्नकार्याला आम्ही दोघे मिळून गेलो नाही, त्याला वर्षे झाली. मोठा मुलगा कधी तक्रार करीत नाही, आणि त्याचीच मला अधिक काळजी वाटते. माझा पगार चालू आहे म्हणून आमचे निभावले. जिची रोजची मजुरी बुडते, तिने लातूरला खेटे कसे घालावेत? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत भरले की लेकरू सहा महिने कारखान्याच्या कोपीवर. सोबत नेलेल्या गोळ्या संपतात, नवी चिठ्ठी कोण देणार? हे औषध अचानक तुटले तर पूर्वीहून भयंकर झटके येतात. मग लोक म्हणतात, ‘औषधाचा गुण नाही.’ वास्तविक औषध हरलेले नसते. ते मिळालेलेच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्के झटक्यांविना जगू शकतील. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. ते, सोडियम व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपिन ही औषधे आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. उरलेल्या ३० टक्क्यांत माझी मुलगी येते. तिचे झटके कमी झाले, थांबले नाहीत. ती थोडेच शब्द बोलते. खोटी आशा देण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात झटका आला तर घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ दवाखाना गाठा. डॉक्टरांनी नाकात मारण्याचे मिडॅझोलॅम दिलेले असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरा. अशा मुलाला विहीर, तळे व चूल यांजवळ एकटे सोडू नका. आणि शाळेतून त्याचे नाव कमी करू नका. वर्गातील इतर मुले घाबरतात ती आपला चेहरा पाहून.

मुलीच्या भवितव्याची चिंता प्रत्येक आईला असते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहातील अडसर म्हणून लिहिला गेला होता. १९९९ साली तो शब्द काढून टाकण्यात आला. कायदा बदलला, सोयरीक जुळवणाऱ्यांचे मन अजून बदलावयाचे आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार सोसला आणि पुढे ‘संवेदना’ हा रुग्ण व पालकांचा गट उभा केला. त्यांचा धडा साधा आहे: लपवणे थांबले की मार्ग दिसू लागतो.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. नेहमीची औषधे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळावीत. ऊसतोड कुटुंबाला असे कार्ड मिळावे, की ज्यावर कोणत्याही जिल्ह्यात गोळ्या मिळतील. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात झटक्यांच्या विकारांचा समावेश आहे. तेव्हा तान्ह्या बाळाचे ते ‘दचकणे’ कसे ओळखावे, हे प्रत्येक अंगणवाडीताईला व आशाताईला दाखवावे. आणि अशा मुलाला दिवसातून काही तास सांभाळणारी एक जागा तालुक्याला असावी, म्हणजे आईला कामावर जाता येईल. यातील एकही गोष्ट दयेची नाही.

ताई, आपल्या वस्तीतील असे एक तरी लेकरू आपल्याला ठाऊक असेल. बहुधा घराच्या आतल्या खोलीत ठेवलेले. आज घरी जाण्यापूर्वी त्याच्या दारावरून जा. त्याच्या आईला एवढेच विचारा, ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’ आम्हाला पहिल्या दोन महिन्यांत असे विचारणारे कोणी भेटले नाही.