मत नसलेला प्रतिनिधी



कारखान्याच्या वर्क्स कमिटीवर निवडून गेलेल्या कामगाराला एक गोष्ट लौकरच उमगते. खुर्ची मिळते, बोलण्याची मुभा असते, चहाही येतो. निर्णय मात्र मालकाच्या खिशात. आम्ही हे आयुष्यभर पाहत आलो, म्हणून ग्वामच्या अँटोनियो वॉन पॅट यांचे चरित्र आम्हांला परके वाटले नाही.

प्रशांत महासागरातले हे बेट १८९८ च्या युद्धात स्पेनकडून अमेरिकेकडे आले आणि तेथे आरमाराचा अंमल बसला. वॉन पॅट १९०८ साली सुमाय गावी जन्मले. बाप चिनी, आई चामोरो, पेशा शिक्षकाचा. १९३६ साली ते ग्वाम काँग्रेसवर निवडून आले. ही काँग्रेस नुसती सल्ला देणारी! महायुद्धात बेट जपानकडे जाऊन परत आले, पण सुमायच्या लोकांना घरी परतता आले नाही. गावाच्या जागी आरमाराचा तळ झाला.

खरी कसोटी मार्च १९४९ ची. वॉन पॅट तेव्हा कनिष्ठ सभागृहाचे सभापती होते. धंद्यांच्या चौकशीत आरमाराचा एक मुलकी नोकर साक्ष देईना. सभागृहाने त्याच्या अटकेचा हुकूम काढला. गव्हर्नराने तो अडवला. तेव्हा सारे सभागृहच उठले. वॉशिंग्टन आमच्या हक्कांचा कायदा करील, तेव्हाच परत बसू! आमच्या भाषेत हा संपच. गव्हर्नराने गैरहजर सभासदांना काढून टाकले, पण बातमी अमेरिकेच्या वृत्तपत्रांत पोचली होती. १९५० साली ऑरगॅनिक ॲक्ट झाला; नागरिकत्व आणि मुलकी कारभार मिळाला.

१९६५ साली लोकांनी त्यांना वॉशिंग्टनला धाडले. तेथे त्यांना जागाच नव्हती. सात वर्षे लोकांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. याच काळात ग्वामची मुले व्हिएतनामात मरत होती, आणि त्यांच्या माणसाला सभागृहात बसण्याचीही सोय नव्हती. १९७२ साली कायदा झाला; जानेवारी १९७३ मध्ये ते प्रतिनिधिगृहात बसले. समितीत मत, अखेरच्या मोजणीत नाही.

अशा माणसाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मत नसलेल्याला दुसऱ्याचे मत वळवावे लागते, आणि त्याला दुप्पट अभ्यास लागतो. वॉन पॅट बेटांच्या कारभाराच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले, ते त्या अभ्यासावर. पण म्हणून ही व्यवस्था चांगली, असे आम्ही म्हणणार नाही.

१९८४ ची निवडणूक ते थोड्या मतांनी हरले, १९८७ साली वारले. ग्वामच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे. तेथून विमानात बसून वॉशिंग्टनला जाणाऱ्या ग्वामच्या प्रतिनिधीला अखेरच्या मोजणीत अजून मत नाही.